जाळं खाली दिसतं, पण खोड वरच्या दोऱ्यात. शिलाई मशीनच्या रोजच्या तक्रारी घरच्या घरी कशा सोडवाव्यात

लग्नसराई सुरू झाली की गावातल्या शिलाई मशीनला उसंत नसते. वरमाईचा ब्लाऊज, करवल्यांचे परकर, आहेराच्या साड्यांचे फॉल, सगळं एकदम येतं. नेमकं अशाच वेळी, हळदीच्या आदल्या दिवशी, मशीन खालून दोऱ्याचा गुंता करायला लागते. वरून टीप बरी दिसते, कापड उलटं केलं की खाली नुसतं जाळं. ते ओढून काढताना ब्लाऊजपीस फाटतं, सुई मोडते. घरातलं कुणीतरी पक्कड आणि डिसमिस घेऊन पुढे सरसावतं आणि दिसेल तो स्क्रू पिळतं. शेवटी मशीनचं डोकं पोत्यात गुंडाळून एसटीने तालुक्याला न्यायचं. दुरुस्तीवाला जुना दोरा काढतो, पुन्हा ओवतो, सुई बदलतो आणि मशीन चालू. काम पाच मिनिटांचं. पण बाईचा दिवस गेला, भाडं गेलं आणि ब्लाऊजवालीचा राग पदरात पडला तो वेगळाच.

आता गावोगाव शिलाई मशिनी वाढल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून अनुदानावर मशिनी मिळतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. मशीन घरात येते, पण तिच्यासोबतचं पुस्तक अनेकदा इंग्रजी-हिंदीत असतं आणि ते पहिल्याच महिन्यात कुठेतरी हरवतं. म्हणून ही माहिती. काळी पायडलची मशीन असो की बटणांची नवीन पांढरी, दोन दोऱ्यांनी साधी टीप घालणाऱ्या सगळ्या घरगुती मशीनला ती लागू पडते.

टाका बसतो कसा

हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी आपोआप कळतात. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते. ती वर यायला लागली की दोरा किंचित ढिला पडतो आणि सुईच्या मागे छोटा फास तयार होतो. खालच्या शटलची चोच तो फास पकडते आणि बॉबीनच्या भोवती फिरवून आणते. तेवढ्यात मशीनच्या तोंडाजवळ वर-खाली नाचणारा दांडा तो दोरा परत वर खेचून घेतो. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची अढी कापडाच्या जाडीत मधोमध अडकते. झाला एक टाका. अमेरिकेत एलायस होव यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रातही टोकाला नाक असलेली सुई आणि खाली शटल हीच जोडी होती. मोटार आली, बटणं आली, पण टाका अजून तसाच बसतो.

यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की प्रत्येक टाक्याला वरचा दोरा बराच खाली जातो आणि त्यातला बहुतेक परत वर यावा लागतो. तो परत आला नाही तर खालीच साठतो. पुढच्या टाक्याचा त्यात भर पडतो, त्याच्या पुढच्याचा आणखी. दहा-बारा टाक्यांत जाळं तयार. म्हणजे जाळं दिसतं खाली, पण ते वरच्या दोऱ्याचं असतं. खात्री करायची असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून बघावा. गुंता लाल निघतो. ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी येत नाही तेव्हा जाणता शेतकरी आधी वरचा फिल्टर उघडतो, तसंच हे. तरीही जाळं दिसलं की सगळे बॉबीन केसचा स्क्रू पिळायला धावतात. तो स्क्रू बिचारा बऱ्याच वेळा निर्दोष असतो आणि एकदा बिघडवला की मग खरोखरची दुरुस्ती लागते.

वरचा दोरा ओवताना पाय वर हवा

कापड दाबणारा जो पाय असतो, त्याला शिंपी लोक फूट म्हणतात, तो खाली असताना दोरा ओवणं ही जाळ्याची सगळ्यात मोठी कारणं शोधली तर पहिल्या नंबरला येईल. दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन गोल चकत्या असतात. बहुतेक घरगुती मशीनमध्ये पाय वर केला की त्या चकत्या मोकळ्या होतात आणि पाय खाली टाकला की एकमेकींना चिकटतात. पाय खाली असताना दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये शिरत नाही, वरच्या वर राहतो. बाहेरून बघणाऱ्याला ओवणी बरोबर वाटते, पण दोऱ्याला ताणच नसतो.

म्हणून जाळं झालं की पहिलं काम, पाय वर, सुई एकदम वर आणि दोरा रिळापासून पूर्ण काढून नव्याने ओवणं. मधूनच जोडायचा नाही. रीळ, वरचा आकडा, ताणाच्या चकत्या, त्यांच्याजवळची तारेची बारीक स्प्रिंग, वर-खाली नाचणारा दांडा, मग सुईपर्यंतचे आकडे आणि शेवटी सुईचं नाक. यातला नाचणारा दांडा चुकला तर दोरा वर खेचणारं कोणीच उरत नाही आणि पहिल्या चार टाक्यांतच मशीन अडकते.

ओवून झाल्यावर हाताने तपासावं. पाय वर असताना दोरा ओढला तर सहज यायला हवा. पाय खाली टाकून ओढला तर अडकत, जोर लावून आला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर तो चकत्यांत बसलेला नाही, किंवा चकत्यांच्या मध्ये कचरा साठलाय. जुन्या दोऱ्याचे तंतू आणि गावाकडची धूळ मिळून तिथे चांगली वात तयार होते. पाय वर करून सुती कापडाची किनार चकत्यांमधून दोन-तीनदा ओढली की ती निघते. सुईने किंवा ब्लेडने खरवडू नये. चकतीवर ओरखडा पडला तर पुढे प्रत्येक दोरा तिथे कातरत जातो.

टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं चार बोटं लांब ठेवून मागे सारायची आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटाने धरायची. न धरता जोरात सुरुवात केली की मोकळं टोक खाली ओढलं जातं आणि तिथेच गुठळी होते. आणि पाय खाली टाकायला विसरणं! हे मुरलेल्या शिवणाऱ्यांकडूनही होतं, विशेषतः जाड कापड असलं की. पाय वर राहिला म्हणजे चकत्या मोकळ्या, म्हणजे पुन्हा जाळं.

पायडलच्या मशीनवर आणखी एक भानगड असते. चाक नेहमी शिवणाऱ्याच्या अंगाकडे फिरलं पाहिजे. नवीन शिकणाऱ्या मुलीचा पाय अडखळला की चाक उलटं फिरतं आणि एका उलट्या फेऱ्यात दोरा शटलमध्ये गुंडाळला जातो किंवा तुटतो. म्हणून सुरुवातीला उजव्या हाताने चाकाला अंगाकडे हलका झटका द्यायचा, मग पायाने वेग धरायचा. शिकताना पहिले दोन दिवस दोरा न लावता, पाय वर ठेवून नुसतं पायडल मारायला लावतात ते यासाठीच.

अडकलेला गुंता काढताना

चाक फिरेना, कापड निघेना, अशी वेळ आली की जोर लावायचा नाही. मोटार असेल तर आधी पिन काढायची. वीज गेली असेल तरीही काढायची, कारण ती कधी येईल याचा नेम नसतो आणि हात सुईखाली असतो. मग चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलकेच हलवून सुई वर काढावी. पाय वर करावा. कापड किंचित उचलून कापड आणि पट्टीच्या मधल्या फटीत बारीक कात्रीचं टोक घालून दोरे कापावेत. कापड झटक्याने ओढलं की सुई वाकते. ती वाकलेली सुई डोळ्यांना सरळच दिसते आणि पुढचे आठ दिवस त्रास देते.

कापड सुटल्यावर बॉबीन केस बाहेर काढावी. मग शटल. काही मशीनमध्ये दोन खिट्या बाजूला केल्या की शटलचं कडं निघतं, काहींत स्क्रू असतात. उघडण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा, उघडताना आणखी एक. शटल उलटं बसवलं की मशीन खटखटते आणि मग कोणता भाग कुठे होता यावरून घरात वाद होतात. फोटो असला की वाद मिटतो. आत अडकलेले दोऱ्याचे बारके तुकडे चिमट्याने काढावेत, जुन्या दात घासायच्या ब्रशने कचरा झाडावा. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीची वाफ आत बसते आणि लोखंडाला गंज धरतो. शटल जिथे घासत फिरतं त्या कड्याला मशीनच्या तेलाचा एक थेंब देऊन सगळं परत बसवावं. बॉबीन केस बसवताना बारीक टक असा आवाज येतो. तो आला नाही तर केस पूर्ण बसलेली नसते, आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटून मोडते.

बॉबीनचंही बघावं. भरताना दोरा ताणाच्या चकतीतून न घेता नुसता बोटात धरून भरला तर तो पोकळ गुंडाळला जातो, वरचे फेरे खालच्यांत रुततात आणि टीप कधी घट्ट, कधी ढिली पडते. काठोकाठ भरलेली बॉबीन केसमध्ये घासते, थोडी कमीच भरावी. प्लास्टिकच्या बॉबीनला चीर गेली असेल किंवा लोखंडी बॉबीन गंजली असेल तर टाकून द्यावी, तिला वाचवण्यात काही अर्थ नाही. बहुतेक घरगुती मशीनच्या केसमध्ये बॉबीन घातल्यावर उघडी बाजू स्वतःकडे धरून दोरा ओढला की बॉबीन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरली पाहिजे. दोरा केसच्या चिरेतून पातीखाली सरकला आहे की नाही तेही बघावं.

टीप काय सांगते

ताण बरोबर आहे की नाही हे मशीन बघून नाही, टीप बघून कळतं. शिवायचं तेच कापड दुहेरी घ्यावं, वर एक रंग, खाली दुसरा रंग, दोन्ही दोरे एकाच जाडीचे, आणि वीतभर टीप मारावी. चांगल्या टिपेत वरच्या बाजूला फक्त वरचा रंग दिसतो, खाली फक्त खालचा. वरच्या बाजूला खालच्या रंगाचे ठिपके दिसत असतील आणि वरचा दोरा तारेसारखा सरळ पडला असेल तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला वरच्या रंगाचे फास लोंबत असतील तर वरचा ताण कमी आहे.

आधी वरचाच ताण बदलायचा. आकडे असलेल्या मशीनवर साधारण ४ ते ५ वर साध्या कापडाचं काम होतं. काळ्या मशीनला आकडे नसतात, नुसता नट असतो. तो पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा टीप मारून बघायची. उजवीकडे फिरवला की घट्ट, डावीकडे ढिला. एकदम दोन फेरे पिळणाऱ्याला मग मूळ जागा सापडत नाही.

बॉबीन केस तपासायची एक सोपी रीत आहे. भरलेली केस दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवायची आणि मनगटाने हलका झटका द्यायचा. ती थोडी खाली सरकून थांबली तर ताण ठीक. झटक्याशिवाय आपोआप खाली घसरत गेली तर ढिली, झटका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. बदलायचाच असेल तर पातीवरचा मोठा स्क्रू घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच फिरवावा. हे काम ताटात किंवा पांढऱ्या कापडावर करावं. तो स्क्रू ज्वारीच्या दाण्याहून लहान असतो, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला की सापडत नाही.

सुईवर कंजूषी नको

मध्येच टाके सुटतात, चार टाके पडतात आणि पाचवा गायब. याला जास्त करून सुईच जबाबदार असते. सुई बोथट, वाकडी, उलटी बसवलेली, पूर्ण वर न सारलेली, नाहीतर चुकीच्या जातीची. सुई ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तीच सगळ्यात जास्त दिवस ताणली जाते. मोडल्याशिवाय सुई बदलायची नाही असा अनेक घरांचा नियमच आहे. खरं तर सात-आठ तास सलग शिवण झाली की सुई बदलण्याजोगी होते. रोज दोन तास शिवणाऱ्या बाईला आठवड्याला दोन सुया लागल्या तर ते जास्त नाही.

वाकडी सुई ओळखायला तिची चपटी बाजू आरशावर ठेवावी. सुई आणि आरसा यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. बोथट आहे का ते नखावरून हलकेच ओढून कळतं, पांढरा ओरखडा पडला तर टोक गेलंय. बसवताना घरगुती मशीनच्या सुईला वर एक चपटी बाजू असते आणि तिच्या उलट बाजूला लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा, चपट्या बाजूने बाहेर काढायचा. चपटी बाजू कुठे करायची हे मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून जुनी सुई काढण्याआधी तिची बाजू बघून ठेवावी. सुई वर टेकेपर्यंत सारून मगच स्क्रू आवळावा.

सोलापूर शहराभोवती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्या किंवा तिथलं काम घरी आणणाऱ्या बायकांकडून एक चूक होते. कारखान्यात वेगवान जुकी मशीन असते. तिची सुई वरच्या बाजूला पूर्ण गोल असते, चपटी नसते. तिथली सुई घरच्या मशीनला लावली तर ती बसल्यासारखी वाटते, पण शटलच्या चोचीपासून तिचं अंतर चुकतं. मग टाके सुटणार, नाहीतर चोच घासणार. चोच खराब झाली तर खर्च मोठा. तसाच कारखान्यातला दोऱ्याचा मोठा कोन. तो घरच्या मशीनच्या खिळ्यावर बसवला तर झटके देत फिरतो आणि ताण सारखा बदलतो. कोन मशीनच्या मागे तांब्यात किंवा बरणीत उभा ठेवावा आणि दोरा वरच्या वर एखाद्या तारेच्या कडीतून आणावा.

सुईचा नंबर कापडावर ठरतो. शिफॉन, जॉर्जेट, पातळ अस्तराला ११. सुती ब्लाऊज, टेरीकॉट, शाळेच्या शर्टाला १४. जाड चादर, पडदे, पिशव्यांना १६. जीन्स किंवा चार-पाच थरांच्या गोधडीला १८. पातळ कापडावर जाड सुई मोठी भोकं पाडते, जाड कापडावर बारीक सुई वाकते. टी-शर्ट, लेगिंगचं ताणलं जाणारं कापड मात्र साध्या सुईला दाद देत नाही. त्याला गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणून मिळणारी सुई लागते. दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्यावी म्हणजे चुकीची येत नाही.

मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडेपर्यंत पुढचं काम करू नये. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जमिनीवरून आणि कापडावरून फिरवलं की तुकडे चिकटून येतात. घरात रांगतं मूल असेल तर याला पर्याय नाही.

दोरा तुटतो, कापड सरकत नाही

वरचा दोरा सारखा तुटत असेल तर आधी दोरा हाताने तोडून बघावा. जरा ताणताच तट्‌कन तुटला तर मशीनचा काही दोष नाही, दोरा जुना आहे. खिडकीत उन्हात राहिलेली रिळं अशीच होतात. दोरा चांगला असेल तर रिळाची खाच बघावी, दोरा तिथे अडकून तुटतो. मग ताण, मग सुईचं नाक. आणि सुईखालच्या पट्टीचं भोक. पूर्वी कधी सुई आपटून त्या भोकाच्या काठावर बारीक कंगोरा उठलेला असतो. बोट फिरवलं की टोचतो. झिरो नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तिथे हलकेच घासला की काम होतं.

कापड जागेवरच राहून एकाच ठिकाणी टाके पडत असतील तर टाक्याची लांबी शून्यावर आहे का ते बघावं. भरतकामासाठी दाते खाली पाडण्याची सोय काही मशीनमध्ये असते, ते पाडलेले राहून जातात. तसंही नसेल तर पट्टी उघडावी. दातांच्या मधल्या खोबणीत कापडाचा कचरा तेल पिऊन नमद्यासारखा घट्ट बसलेला सापडेल. तो काढला की दाते पुन्हा कापड पकडतात. आणि कापड मागून ओढायची सवय मोडावी, ते पुढे नेणं दातांचं काम आहे. ओढलं की सुई वाकते आणि पट्टीवर आपटते.

पातळ साडीच्या फॉलला चुण्या पडतात ती तक्रार कायमची. बारीक सुई, वरचा ताण थोडा कमी, टाका जरा लहान, आणि कापडाखाली वहीचा कोरा कागद. टीप झाल्यावर कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, शाई साडीला लागते.

मशीन जड चालते

खोबरेल तेल, गोडं तेल, एरंडेल, घरात असेल ते मशीनला घालतात आणि इथेच मशीनचं आयुष्य कमी होतं. खायचं तेल काही दिवसांत चिकट होऊन गोंदासारखं वाळतं. शिलाई मशीनचं पातळ पांढरं तेल वेगळं मिळतं, तेच घालावं. कारखान्यातल्या मशीनला खाली तेलाची टाकी असते आणि तेल आपोआप फिरतं. घरच्या मशीनला मात्र प्रत्येक भोकात हाताने एक-दोन थेंब द्यावे लागतात. रोज काम असेल तर आठवड्यातून एकदा. नंतर चिंधीवर दोन मिनिटं शिवून जास्तीचं तेल पुसून घ्यावं, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर.

जुनं तेल वाळून मशीन घट्ट झाली असेल तर मशीनचंच तेल सढळ सोडून, दोरा काढून थोडा वेळ चालवावी, रात्रभर ठेवावी, पुसून पुन्हा तेल द्यावं. दोन-तीन दिवसांत मोकळी होते. काही जण रॉकेलने धुतात. त्याने चिकटा लवकर सुटतो, पण त्यानंतर पुसून तेल दिलंच पाहिजे, आणि चूल, देवघर, विडी या सगळ्यांपासून लांब, मोटारीची पिन काढून.

तेल देऊनही जड असेल तर पट्टा फार ताणलेला आहे का, चाकाच्या आणि पायडलच्या दांड्याला दोरा गुंडाळला गेलाय का, बॉबीन भरायची चकती चाकाला टेकलेलीच राहिली का, हे बघावं. चाक फिरतं पण सुई हलत नाही, अशी मशीन घेऊन लोक थेट दुरुस्तीला जातात. बॉबीन भरताना चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केलेला असतो, तो आवळायचा राहिलेला असतो, एवढंच.

दुरुस्तीवाल्याकडे कधी जायचं

नवी योग्य सुई लावली, दोरा पाय वर ठेवून ओवला, शटल साफ केलं, तरीही टाके सुटतात, तर सुई आणि शटल यांची वेळ चुकलेली असू शकते. सुई जोरात आपटून मोडल्यावर हे होतं. सुईचा दांडा किंचित वर सरकतो आणि चोच फासापर्यंत वेळेवर पोचत नाही. शटलची चोच तुटली किंवा बोथट झाली असेल, चाक फिरवताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, मोटारीतून जळका वास येत असेल, तर घरी हात लावू नये.

जाताना ज्या कापडावर त्रास होतो त्याचा तुकडा, बिघडलेली टीप तशीच ठेवलेली चिंधी, वापरतो तो दोरा, सुई आणि भरलेल्या बॉबीनसह केस सोबत न्यावी. दुरुस्तीवाल्याकडच्या चांगल्या दोऱ्यावर आणि सुती चिंधीवर मशीन ठणठणीत चालते आणि घरी आणल्यावर पुन्हा तेच सुरू होतं, ते यामुळे. आणलेल्या कापडावर, आणलेल्या दोऱ्याने, समोर उभं राहून हातभर टीप मारून घ्यावी आणि मगच पैसे द्यावेत. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे शक्यतो दुसऱ्या दिवशी जावं.